नाताळ : धर्मकृत्य कीं लोकोत्सव ?

मार्गशीर्षाचा वद्य पक्ष लागला, शिवारांत हरभऱ्याला घाटे धरले आणि तुरीच्या शेंगा भरल्या, म्हणजे आमच्या किल्लारीच्या पंचक्रोशींत येळवसेची तयारी सुरू होते. हल्लीं त्याच सुमारास आणखी एक तयारी घरांत शिरली आहे. शाळेंतून सूचना येते कीं, अमुक दिवशीं नाताळ साजरा होणार आहे, तरी मुलांस तांबडा पोशाख व पांढरी दाढी लावून सांताक्लॉजच्या वेषांत पाठवावें. लातूरच्या बाजारांत डिसेंबर लागतांच तांबड्या टोप्या टांगलेल्या दिसतात. टोपी एवढीशी, परंतु एकत्र कुटुंबांत ती आली कीं तिच्यावरून जो वाद माजतो तो पाहिला म्हणजे हा प्रश्न टोपीएवढा लहान नाहीं, हें ध्यानीं येतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या सालीं असेंच घडलें. आजोबा म्हणाले, "हा परधर्माचा सण. ज्या घरांत त्रिकाळ देवपूजा होते, त्या घरच्या नातवानें हा वेष घेऊं नये." सूनबाईंनीं अदबीनें, पण ठामपणें उत्तर दिलें, "मामंजी, यांत धर्म कसला ? मुलांची चार घटका गंमत आहे. वर्गांतलीं सगळीं मुलें जाणार आणि आपलाच तेवढा घरीं बसणार काय ?" चिरंजीव दोघांच्या मध्यें सांपडून गप्प राहिले. शेवटीं मुलगा शाळेंत गेला नाहीं, आणि आजोबा-नातवांचें बोलणें दोन दिवस बंद पडलें. पुढें हा कलह आमच्याकडे आला. "गुरुजी, तुम्ही शास्त्र शिकविलेलें, तुम्हीच सांगा, नाताळ हा धर्माचा सण कीं लौकिक उत्सव?" असा सरळ प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला. त्याचें जें उत्तर आम्हीं दिलें तेंच येथें थोडें विस्तारानें मांडीत आहों. कारण हा वाद एकाच घरचा नाहीं.

प्रथम शब्दच पाहूं. 'नाताळ' हा शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांचा 'नाताल' हा लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीं, या शब्दापासून झालेला आहे. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास हरकत नाहीं कीं, लॅटिन 'नातुस' आणि आपला 'जात' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. जन्माष्टमींतला 'जन्म' आणि नाताळांतला 'नात' हीं दूरचीं भावंडें होत. म्हणजे शब्दार्थानें हा एका जन्माचा दिवस आहे, आणि तो कोणाचा जन्म हें सर्वांस ठाऊक आहे. तेवढ्यावरून हा सण धार्मिक ठरतो, असें आजोबांचें म्हणणें.

परंतु इतिहास पाहूं लागलें म्हणजे हें उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. येशू ख्रिस्ताचा जन्म कोणत्या तिथीस झाला, हें बायबलांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. २५ डिसेंबर ही तारीख रोम शहरांत इसवी सनाच्या ३५४ या वर्षीं संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथांत प्रथम स्पष्टपणें आढळते. त्यापूर्वीं २७४ सालीं ऑरेलियन बादशहानें 'अजिंक्य सूर्य' या देवतेची उपासना रोमांत राजाश्रयानें प्रस्थापित केली होती, आणि रोमन कालगणनेंत २५ डिसेंबर हाच उत्तरायणाच्या आरंभाचा दिवस मानीत. सूर्योत्सवावरून ही तारीख घेतली कीं ती स्वतंत्रपणें ठरली, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या काळाशीं हा सण जोडला गेला एवढें खरें. या दृष्टीनें तो आपल्या मकरसंक्रांतीचा शेजारी आहे. आपली संक्रांतही मूळची अयनाचीच. अयनचलनामुळें ती प्रत्यक्ष अयनापासून सरकत १४ जानेवारीपर्यंत आली आहे. तिकडे आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्म ६ जानेवारीस पाळतें, आणि रशियांतील चर्च जुन्या ज्युलियन पंचांगामुळें ७ जानेवारीस. तेव्हां तिथीवरून वाद घालणारे केवळ आपल्याकडेच आहेत असें कोणीं समजूं नये.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, या सणास सर्वांत कडवा विरोध ज्यांनीं केला ते अधार्मिक नव्हते, अतिधार्मिक होते. इंग्लंडांत प्युरिटन पंथाच्या हातीं सत्ता असतां १६४७ सालीं पार्लमेंटानें नाताळचा सण बंद केला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६५९ सालीं कायदा करून नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याची आज्ञा धर्मग्रंथांत नाहीं तें धर्मकृत्य नव्हे. आणि या दिवशीं होणारें मद्यपान व हुल्लड पाहतां तो धर्मास लांछनच आहे. स्कॉटलंडांत प्रेस्बिटेरियन पंथाचें वर्चस्व असल्यामुळें तेथें नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ सालापर्यंत नव्हती. म्हणजे १८४३ सालीं ज्या स्कॉटिश मिशनच्या हातून नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानें मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांनीं पुढें आमच्याच मराठवाड्यांत जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें, त्या मिशनच्या मायदेशांत नाताळचें स्तोम नव्हतें ! ख्रिस्ती धर्म आणि नाताळ हे समानार्थी शब्द नव्हेत, हें यावरून उघड होतें.

दुसरी बाजू अशी कीं, ज्या वस्तूंवरून आपल्या घरांत भांडण होतें त्या बहुतेक अलीकडच्या आहेत. दिव्यांनीं सजविलेलें झाड ही जर्मन प्रांतांतली रीत. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचें झाडाभोंवतीं उभें असलेलें चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें, आणि ती रीत इंग्रज घरांत पसरली. सांताक्लॉजचें मूळ, आज तुर्कस्तानांत मोडणाऱ्या मायरा गांवच्या निकोलस नांवाच्या बिशपाशीं आहे. पण तो साधु हॉलंडांतून अमेरिकेस गेला, तेथें चित्रकारांनीं त्यास लठ्ठ व हंसरा केला, आणि व्यापाऱ्यांनीं त्यास दुकानाच्या दारांत उभा केला. जपानांत ख्रिस्ती लोक अगदीं थोडे. तरी तेथें १९७४ सालीं एका अमेरिकन खाद्यगृहानें केलेल्या जाहिरातीपासून नाताळच्या रात्रीं तळलेली कोंबडी खाण्याची चालच पडून गेली. यांत धर्म कोठें शोधावयाचा ?

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. कारण परदेशच्या गोष्टींनीं आपल्या घरचा निकाल होत नाहीं. मराठी मुलुखांत नाताळ दोन दारांनीं आला. एक दार भक्तीचें. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्यानें मराठी आत्मसात केली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं प्रथम रायतूर येथें छापलें गेलें. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवींत गाइली जाऊं लागल्यास यंदा चारशें वर्षांहून अधिक काळ झाला. पुढें कोंकणांत जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण अभंग, भजन व कीर्तन हीं त्यांनीं सोडलीं नाहींत, उलट चर्चमध्यें नेलीं. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रे' ज्या घरांत वाचलीं जातात, आणि तीं कोणत्या सुशिक्षित मराठी घरांत वाचलेलीं नाहींत ?, त्या घरास हें सांगावयास नको. तेव्हां 'परधर्म' हा शब्द उच्चारतांना हा धर्म पाळणारे लोक परके नव्हेत, आपलीच भाषा बोलणारे, आपल्याच मातींतले आहेत, याचें भान सुटतां कामा नये. गोव्यांत नाताळच्या ताटांत बेबिंका आणि दोदोल यांच्या शेजारीं नेवऱ्या असतात. आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच. त्या फराळाचीं ताटें हिंदु शेजाऱ्यांकडे जातात, आणि चतुर्थीस व दिवाळीस तिकडून ताटें येतात. ताट घेतल्यानें कोणाचा धर्म गेला, असें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

दुसरें दार सरकारी कचेरीचें. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यांत सार्वजनिक सुट्यांची व्याख्या करतांना रविवार, नववर्षदिन, नाताळ व गुड फ्रायडे हे दिवस नांवानिशीं घातले होते. राज्यकर्ते ख्रिस्ती, म्हणून ही सुटी. १९५५ सालच्या दुरुस्तीनें रविवारखेरीज हीं नांवें व्याख्येंतून गेलीं. पण नाताळची सुटी सरकारी अधिसूचनेनें आजही दिली जाते. या सुटीचा आपल्या लोकांनीं काय उपयोग केला तो पाहण्याजोगा आहे. कोर्टें व कॉलेजें नाताळांत बंद, त्यामुळें वकील व शिक्षक मोकळे. म्हणून राष्ट्रीय सभेची पहिली बैठक २५ डिसेंबर १८८५ पासून पुण्यास भरावयाचें ठरलें. पुण्यांत पटकीची सांथ आल्यामुळें ती २८ डिसेंबरास मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरली. पुढेंही कित्येक वर्षें सभेचीं अधिवेशनें याच आठवड्यांत होत असत. १९२७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं महाड येथें मनुस्मृतीचें दहन झालें तो दिवसही २५ डिसेंबर. यांपैकीं एकाही प्रसंगाचा ख्रिस्तजन्माशीं संबंध नव्हता. आमच्या पिढीच्या तोंडीं 'नाताळची सुटी' हे शब्द असत, त्यांत 'सुटी'वर जोर होता, 'नाताळ'वर नव्हता. अशा रीतीनें एकच दिवस एका दारानें उपासना होऊन आला आणि दुसऱ्या दारानें रजा होऊन आला.

मग निवाडा करावयाचा कसा ? येथें आपल्या मीमांसकांचा एक भेद फार उपयोगीं पडतो. कर्मांचे ते दोन वर्ग करतात: दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ. यज्ञासाठीं साळी कांडावयाच्या, त्यानें कोंडा निघतो. हें फळ डोळ्यांस दिसतें, म्हणून तें दृष्टार्थ. त्याच साळींवर मंत्रानें पाणी शिंपडावयाचें, त्याचें दिसणारें फळ कांहीं नाहीं. तें केवळ अदृष्टासाठीं. वस्तू तीच, साळी त्याच, यज्ञही तोच. पण क्रिया दोन प्रकारच्या. धर्मशास्त्राचे इतिहासकार महामहोपाध्याय काणे यांनींही आपल्या ग्रंथाच्या पांचव्या खंडांत व्रतें व उत्सव यांचा विस्तारानें विचार केला आहे. व्रत म्हटलें कीं संकल्प आला, नियम आला, अधिकार आला. उत्सवांत जमलेल्या प्रत्येकावर तें बंधन नसतें.

या मापानें आधीं आपल्याच घरचे सण मापूं. येळवस घ्या. लातूर-धाराशिवकडील शेतकरी या दिवशीं शेतांत कडब्याची खोप करतो, आंत पांच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करतो, हें अदृष्टार्थ. मग आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे यांचें वनभोजन होतें, त्यास इष्टमित्र, सोयरेधायरे, जातीधर्माचा विचार न करतां बोलावले जातात, हें दृष्टार्थ. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून त्या दिवशीं स्थानिक सुटी दिली जाते, ती पूजेसाठीं नव्हे, गांवेंच्या गांवें शिवारांत जातात म्हणून. आंबील पिणाऱ्या मुसलमान मित्रानें पांडवांची पूजा केली असें कोणी म्हणत नाहीं. संक्रांतीस सुगडाचें वाण हें एक, आणि तिळगूळ देऊन गोड बोलावयास सांगणें हें दुसरें. दिवाळींत लक्ष्मीपूजन हें एक, आणि मुलांचा मातीचा किल्ला हें दुसरें. २०१९ सालीं मार्गशीर्षाची अमावास्या २६ डिसेंबरास, म्हणजे नाताळच्या लगतच आली होती. हे दोन्ही सण असे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा घाट एकच दिसतो.

तोच न्याय नाताळास लावूं. मध्यरात्रींची उपासना, मिस्सा, गव्हाणींतल्या बाळाचें वंदन, हें अदृष्टार्थ. तें ख्रिस्ती माणसाचें धर्मकृत्य आहे आणि त्याचा अधिकार श्रद्धावानाचा आहे. तारा टांगणें, केक वाटणें, तांबडी टोपी घालून मुलांस खाऊ देणें, हें दृष्टार्थ. त्याचें फळ मुलांच्या चेहऱ्यावर दिसतें, आणि तेवढेंच त्याचें फळ आहे. म्हणून 'नाताळ धार्मिक कीं लौकिक ?' हा प्रश्नच अर्धवट विचारलेला आहे. 'नाताळांतली कोणती क्रिया, आणि ती कोण, कोणत्या संकल्पानें करतो ?' असा तो विचारावयास हवा.

अमेरिकेंतील न्यायालयांसही याच गांठीशीं झगडावें लागलें. तेथें राज्यघटनेनें सरकारास धर्मस्थापना करण्याची मनाई आहे, आणि नाताळची सरकारी सुटी मात्र १८७० पासून आहे. सिनसिनाटी येथील एका वकिलानें या सुटीविरुद्ध फिर्याद केली असतां १९९९ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, नोकरांस एक दिवस रजा देणें म्हणजे धर्माचा पुरस्कार नव्हे. वरिष्ठ न्यायालयानेंही तें कायम केलें. त्यापूर्वीं १९८४ सालीं पॉटकेट शहराच्या नगरपालिकेनें सांताच्या घराशेजारीं ख्रिस्तजन्माचा देखावा मांडल्यावरून खटला झाला. पांच विरुद्ध चार अशा मतांनीं देखावा कायदेशीर ठरला. परंतु विरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीशांचा मुद्दा आम्हांस अधिक मननीय वाटतो. त्यांचा आशय असा कीं, ज्या मूर्तीपुढें भाविक गुडघे टेकतो तिला बाजारपेठेची सजावट ठरवून हा खटला जिंकला, यांत धर्माचा मान राहिला नाहीं.

हा मुद्दा आमच्या सूनबाईंसाठीं आहे. "यांत धर्म कसला ?" हें वाक्य उदारपणाचें दिसतें, पण तें ख्रिस्ती शेजाऱ्याच्या कानीं पडलें तर त्यास काय वाटेल ? गणपतीचेंच उदाहरण घ्या. लोकमान्यांनीं १८९३ सालीं गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपांत पुढें आणला. त्यांत व्याख्यानें आलीं, मेळे आले, राष्ट्रकार्य आलें. तरी कोणी आपणांस म्हणाला कीं, "गणपति म्हणजे काय, ढोल आणि गुलाल," तर आपणांस तें सहन होईल काय ? किल्लारीच्या माणसास तर तें मुळींच सहन होणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, पावणेचार वाजून गेल्यावर, विसर्जन आटोपून निजलेल्या या गांवावर भूकंप कोसळला आणि पंचक्रोशींत हजारों माणसें गेलीं. त्या रात्रीं ज्यांनीं शेवटची आरती म्हटली होती, त्यांच्या आप्तांस तो उत्सव म्हणजे निव्वळ करमणूक असें सांगण्याची छाती कोणाची होईल ? दुसऱ्याच्या सणांतला देव काढून तो आपल्या सोयीचा करणें, ही सहिष्णुता नव्हे. ती एक प्रकारची बेपर्वाईच आहे.

आतां आजोबांसाठीं. त्यांची भीति अशी कीं, टोपीच्या मागोमाग धर्म येईल. आम्ही त्यांस विनयानें विचारतों: ज्या धर्मास एका तांबड्या टोपीनें धक्का बसतो, तो आपण नातवास शिकविला तरी किती ? ज्या मुलाच्या कानीं रोज संध्याकाळीं परवचा व स्तोत्रें पडतात, ज्यास येळवसेच्या खोपीचा अर्थ आजोबा सांगतात, तो चार घटका सांता होऊन घरीं येईल आणि पाय धुऊन शुभंकरोतीस बसेल. जेथें घरचें शिक्षण नाहीं, तेथें टोपी बंद करून धर्म राहणार नाहीं. भूकंपाच्या दिवसांत या गांवीं मदतीस आलेल्या हातांत नाना धर्मांचे हात होते. त्या वेळीं भाताच्या पातेल्याचा धर्म कोणी विचारला नाहीं. अलीकडे २५ डिसेंबरासच तुळशीपूजनाचा दिवस पाळण्याची चाल कांहीं ठिकाणीं पडली आहे. तुळस आपल्या अंगणांत वर्षाचे तीनशें पांसष्ट दिवस आहे. तिला दुसऱ्याच्या सणाशीं झुंजविण्याची गरज नाहीं.

शाळेसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदान्वयें, सरकारमान्य किंवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेंत कोणाही अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणांत वा उपासनेंत भाग घेण्यास लावतां येत नाहीं. तेव्हां खाऊ, गाणीं व वेष इतकेंच असेल तर तो लोकोत्सव आहे. प्रार्थना करवून घ्यावयाची असेल तर तें धर्मकृत्य झालें, तेथें आईबापांस विचारलेंच पाहिजे. हा नियम नाताळास जसा, तसाच सरस्वतीपूजनासही लागू आहे, हें आपण विसरूं नये. शिवाय वेषाची सक्ती नको. ज्या घरीं मुलाच्या वहीसाठीं पैसे मोजून द्यावे लागतात, त्या घरावर एका दिवसाच्या दाढीमिशांचा खर्च लादणें हें कोणत्याच धर्मांत बसत नाहीं. आणि सण साजराच करावयाचा तर तो कोणाचा, कशाचा, हें मुलांस सांगावें. सांता ठाऊक आणि ख्रिस्त ठाऊक नाहीं, असें शिक्षण अर्धवट होय.

आमचा निवाडा आम्हीं त्या घरीं असा दिला: नातवानें जावयाचें असेल तर जावें, नको असेल तर राहावें, पण तो कोणाच्या भीतीनें जाऊं नये आणि कोणाच्या भीतीनें राहूं नये. वेष घेण्यापूर्वीं आजोबांनींच त्यास बेथलेहेमची कथा सांगावी. जो गोकुळांतला जन्म सांगूं शकतो त्यास गव्हाणींतला जन्म सांगणें जड नाहीं. ओळखीचें एखादें ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्या दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन शुभेच्छा द्याव्या, त्यांच्या उपासनेच्या वेळीं बाहेर शांतपणें बसावें, आणि पुढें येळवसेस त्यांस शेतावर आंबील प्यावयास बोलवावें. उपासना ज्याची त्याची आणि आनंद सर्वांचा, एवढी मर्यादा राखली म्हणजे सण धार्मिक कीं लौकिक या वादानें कोणत्याही घरांतील आजोबा-नातवांचें बोलणें बंद पडण्याचें कारण उरत नाहीं.